कावा, भांग आणि 'गुंगीकारक' ही संज्ञा

पॅसिफिक महासागरातील फिजी, टोंगा, वानुआतू इत्यादी बेटांवर कावा नावाचे पेय पूर्वापार प्रचारात आहे. एका झुडपाच्या मुळ्या कुटून त्या पाण्यात कालवितात व ते पाणी समारंभपूर्वक पितात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फॉर्स्टर याने या वनस्पतीस 'पायपर मेथिस्टिकम' असे नाव दिले. यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ मादक असा होतो. म्हणजे कावा हे मादक द्रव्य आहे की नाही या वादाचा निकाल वनस्पतीच्या नामकरणातच लावून टाकला गेला. पुढे १९२४ साली लुई लेविन याने आपल्या 'फँटास्टिका' या ग्रंथात कावा निद्राकारक द्रव्यांच्या वर्गात घातला. आंतरराष्ट्रीय करारांच्या सूचींत मात्र त्यास स्थान नाही. मिरी, पिंपळी आणि आपली नागवेल ही सर्व त्याच पायपर वंशातील आहेत, आणि फिजीत गेलेल्या गिरमिटियांच्या वंशजांनीही हे पेय आपलेसे केले, एवढाच काय तो त्याचा भारताशी संबंध. परंतु रूढीने मान्य केलेल्या पेयावर 'गुंगीकारक' हा शिक्का कोणी व कोणत्या आधारावर मारावा, हा प्रश्न मुंबईस नवा नाही. येथे तो भांगेच्या रूपाने शंभराहून अधिक वर्षे उभा आहे.

प्रथम शब्दांचा विचार केला पाहिजे. इंग्रजी 'नार्कोटिक' या शब्दाचे मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ बधिरता आणणारे असा आहे. मराठीत त्यासाठी तीन शब्द रूढ झाले. 'मादक' हा संस्कृत शब्द उन्मादाकडे बोट दाखवितो, 'गुंगीकारक' हा झोपेकडे. 'अंमली' हा तिसरा शब्द अरबीतून आला आहे. ज्या अंमल शब्दापासून अंमलदार झाला, त्याच अंमलाचा हा दुसरा अर्थ. द्रव्य माणसावर सत्ता गाजविते अशी ती कल्पना आहे. या तिन्ही शब्दांनी दर्शविलेले परिणाम एकमेकांहून भिन्न असता कायद्याने त्या सर्वांना एकाच अर्थाने वापरले. १९८५ च्या केंद्रीय अधिनियमाच्या मराठी नावात 'गुंगीकारक औषधी द्रव्ये' हा प्रयोग आहे; वृत्तपत्रे त्याच द्रव्यांना अंमली पदार्थ म्हणतात.

मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी अधिनियमाने भांग, गांजा व चरस ही तिन्ही द्रव्ये मादक द्रव्यांच्या व्याख्येत आणली. हा कायदा मुख्यतः महसुलाचा होता. द्रव्याचा गुणधर्म काय, यापेक्षा त्यावर कर कसा बसेल, याची त्यास चिंता होती. निराळ्या प्रकारचा प्रश्न १८९३ साली उपस्थित झाला. मद्यनिषेधाचे पुरस्कर्ते पार्लमेंट-सभासद केन यांनी विलायतेत विचारलेल्या प्रश्नामुळे हिंदुस्थान सरकारला हेंप ड्रग्ज कमिशन नेमावे लागले. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. कमिशनने ११९३ साक्षीदारांची साक्ष नोंदविली आणि १८९४ साली अहवाल सादर केला.

या अहवालातील वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा भाग इतिहासाच्या अभ्यासकाने विशेष बारकाईने वाचावा असा आहे. गांजा व भांग यांमुळे वेड लागते, हा समज मुख्यतः इस्पितळांच्या वार्षिक आकड्यांवर उभा होता. कमिशनने ते आकडे जसेच्या तसे न स्वीकारता १८९२ या एका वर्षातील रुग्णांची मूळ चौकशी करविली. तेव्हा असे दिसून आले की, रुग्णाबरोबर येणाऱ्या कागदावर वेडाचे कारण बहुधा पोलिसांनी किंवा कनिष्ठ नोकरांनी ऐकीव माहितीवरून लिहिलेले असे, आणि तेच पुढे वैद्यकीय नोंदीत उतरे. या द्रव्यांच्या नावे मांडलेल्या २२२ प्रकरणांपैकी निम्म्याहूनही कमी प्रकरणे तपासणीत टिकली. एका कारकुनी रकान्यातून वैद्यकशास्त्राचा सिद्धान्त कसा निपजतो, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण त्या काळच्या दप्तरात विरळा. मर्यादित सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिरेकाने होतो, असा निष्कर्ष काढून कमिशनने संपूर्ण बंदी नाकारली व नियंत्रणाची शिफारस केली.

मुंबईचे त्या वेळचे कस्टम कलेक्टर जे. एम. कॅम्पबेल यांचे भांगेच्या धार्मिक स्थानाविषयीचे टिपण या अहवालास जोडलेले आहे. हेच कॅम्पबेल मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संपादक. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही आज उपनगर जिल्ह्यात मोडणारी गावे तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यात होती, आणि त्यांचे वर्णन त्यांनी संपादिलेल्या १८८२ च्या ठाणे-खंडात आहे. शिवोपासनेतील भांगेचे महत्त्व त्यांनी आस्थेने मांडले. तथापि सर्व हिंदूंचा आचार एकच असल्यासारखे ते लिहितात, हा दोष उघड आहे. महाराष्ट्रातील शिवभक्त महाशिवरात्रीस उपवास करतो. भांग घोटून थंडाईत घेण्याची चाल उत्तर हिंदुस्थानी व गुजराती वस्तीत अधिक. ही चाल उपनगरांत रुजण्यास गेल्या शतकातील स्थलांतराचा हातभार लागला.

१९२५ च्या जिनीव्हा करारात भांगेच्या पानांना वगळण्यात आले. हे झुडूप रानोमाळ उगवते व पानांचा वापर सामाजिक-धार्मिक रूढीत आहे, ही हिंदुस्थान सरकारची भूमिका त्यामागे होती. १९६१ च्या करारानेही फुलांचे वा फळांचे शेंडे सोबत नसतील तर पाने व बिया व्याख्येबाहेर ठेवल्या, आणि १९८५ च्या अधिनियमाने तीच भाषा उचलली. या भेदास वनस्पतिशास्त्राचा आधार आहे. मादी झाडाच्या शेंड्यांत राळ दाट असते, पानांत विरळ. परंतु पाने वगळण्यास हे कारण पुरले असते असे म्हणता येत नाही, कारण राळ कमी असणे म्हणजे नसणे नव्हे. तो भेद मुळात तडजोडीचा होता.

या तडजोडीचे परिणाम आरोपीस भोगावे लागतात. गांजा १ किलोहून कमी असल्यास तो अल्प प्रमाण, २० किलोहून अधिक असल्यास व्यापारी प्रमाण समजला जातो. दुसऱ्या वर्गात किमान १० वर्षांची सक्तमजुरी असून जामीन मिळणे अतिशय कठीण. तेव्हा जप्त केलेल्या पोत्यात पाने किती आणि शेंडे किती, यावर माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून राहते. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अटकपूर्व जामिनाच्या एका आदेशात, शेंड्यांचा उल्लेख नसलेला हिरवा पाला गांजा ठरत नाही, असे मत नोंदविले. दुसऱ्या बाजूस १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाची व्याख्या पाने, बारीक देठ व शेंडे या सर्वांना कवेत घेते आणि भांगेचा नावानिशी समावेश करते. त्यामुळे बोरिवलीत सापडलेली भांगेची गोळी केंद्राच्या कायद्याने गुंगीकारक द्रव्य ठरत नसली, तरी राज्याच्या कायद्याने ती मादक द्रव्यच आहे.