लेकरू कोणाकडे, पैसा कोणाकडे?

वाशिमला ज्या काळी वत्सगुल्म म्हणत, त्या काळी इथल्या गादीवर एक आठ वर्षांचा मुलगा बसला होता. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातल्या शिलालेखात त्याचा उल्लेख आहे. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात तो लेख कोरवून घेतला. आठव्या वर्षी राज्य मिळालं आणि त्याने ते नीट चालवलं, असं लेख म्हणतो. मुलाचं नाव मात्र दगडावरून झिजून गेलंय. त्याच्या वतीने खजिन्याच्या किल्ल्या कोण सांभाळत होतं, हेही लेख सांगत नाही.

मला नेमकं तेच विचारायचं आहे. कारण हा प्रश्न फक्त राजांच्या घरचा नाही, आमच्याही घरचा आहे. मी लहान असताना आई-बाबा पुण्याला कंपनीत कामाला गेले आणि आम्हा दोघा भावंडांना मोठ्या मावशीकडे गावी ठेवलं. सोयाबीन विकून आलेले पैसे बाबांनी तिच्याच हाती दिले. शाळेसाठी, दुखण्याखुपण्यासाठी. दोन वर्षांनी हिशोब निघाला तेव्हा त्यातले बरेच पैसे मावशीच्या घराच्या टिनात गेले होते. आई म्हणाली, "ताई, मी पैसे लेकराईसाठी ठेवले होते, टिनासाठी नाई." मावशी म्हणाली, "मंग लेकरं काय आभायाखाली निजत होते? याच टिनाखाली निजत होते ना?" दोघी बहिणी चार वर्षं एकमेकींच्या घरी गेल्या नाहीत.

हे भांडण लोभाचं होतं असं मला आजही वाटत नाही. लेकरू सांभाळणं आणि लेकराचा पैसा सांभाळणं ही दोन कामं आहेत आणि आपण ती एकाच माणसाच्या पदरात टाकतो, तीही लिहून न ठेवता. गंमत म्हणजे हा घोळ आपल्या पूर्वजांना चांगला माहीत होता.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वारसाहक्काच्या भागात एक साधा नियम आहे. अज्ञान वारसाचा वाटा कर्ज वगैरे फेडून मोकळा करावा आणि तो सज्ञान होईपर्यंत आईकडच्या नातेवाइकांकडे किंवा गावातल्या वृद्धांकडे ठेवावा. सज्ञान म्हणजे मुलगी बारा वर्षांची, मुलगा सोळा वर्षांचा. आता यात काका का नाही, मामा का? कारण मला तरी उघड दिसतं. काका वाटेकरी असतो. पोराचं बरंवाईट झालं तर त्याचा वाटा वाढतो. मामाचा त्या इस्टेटीत काही हिस्सा नसतो. इंग्लंडच्या जुन्या जमीन-कायद्यातही हाच विचार सापडतो: ज्याला वारसा मिळू शकतो अशा नातेवाइकाकडे पोरक्या वारसाचं पालकत्व द्यायचं नाही. दोन खंडांतल्या माणसांनी एकच गोष्ट ओळखली होती.

वाकाटकांच्याच दुसऱ्या, नंदिवर्धनच्या शाखेत प्रभावतीगुप्ता राणीने मुलगा दिवाकरसेन लहान असताना कारभार पाहिला. तिचा पुण्यात मिळालेला ताम्रपट तेराव्या वर्षातला आहे, म्हणजे हा सांभाळ किमान तेवढा चालला. त्या ताम्रपटाची सुरुवात सासरच्या वाकाटकांपासून होत नाही. तिच्या माहेरच्या गुप्तांच्या वंशावळीपासून होते. ती दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी होती. लेकरामागे आजोळ उभं आहे, हे तिने तांब्यावर कोरून ठेवलं.

पेशवाईत हाच प्रश्न रक्ताने लिहिला गेला. 30 ऑगस्ट 1773 रोजी नारायणरावाचा खून झाला आणि काका रघुनाथराव पेशवा झाला. नारायणरावाची पत्नी गंगाबाई तेव्हा गरोदर होती. 18 एप्रिल 1774 ला पुरंदरावर सवाई माधवराव जन्मला आणि चाळीस दिवसांचा असताना त्याला पेशवाईची वस्त्रं मिळाली. घरातला सर्वांत वडील पुरुष म्हणून पालकत्व रघुनाथरावाकडे जायला हवं होतं. पण बाळ नसतं तर सगळं त्याचंच होतं. म्हणून बारभाईंनी बाळ आणि दौलत दोन्ही त्याच्या हाती लागू दिली नाहीत. पुढे इंग्रज मध्ये पडले आणि पहिलं इंग्रज-मराठा युद्ध झालं ते याच भाऊबंदकीतून.

इंग्रजांच्या न्यायालयात मग मावशीच्या टिनासारखे खटले उभे राहू लागले. 1856 मध्ये हनुमानप्रसाद पांडे यांचा खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. एका विधवा आईने अज्ञान मुलाची जमीन गहाण टाकली होती. कौन्सिलने तत्त्व घालून दिलं: सांभाळणाऱ्याचा अधिकार मर्यादित आहे. खरी गरज असेल किंवा इस्टेटीचा फायदा असेल तरच तो वापरता येतो. गंमत बघा, मावशीने हेच म्हटलं होतं. गरज होती, फायदा लेकरांचाच झाला.

1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याने कोर्टाने नेमलेल्या पालकाला हिशोब देण्याच्या बंधनात आणलं. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने आणखी पुढचं पाऊल टाकलं. कलम 8 प्रमाणे खुद्द आईबापालाही मुलाची स्थावर मालमत्ता कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. आणि कलम 11 म्हणतं की केवळ प्रत्यक्ष सांभाळ करतो एवढ्या कारणावरून कोणालाही अज्ञान मुलाच्या मालमत्तेचा व्यवहार करता येणार नाही. म्हणजे ज्याने लेकराला भरवलं, न्हाऊ घातलं, त्याचा लेकराच्या पैशावर त्यामुळे हक्क येत नाही.

आपल्या जिल्ह्याला हा धडा फार दुःखात शिकावा लागला. जुलै 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात वाशिम होतं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला राज्याची मदत एक लाखाची. त्यातले 30,000 हातात आणि 70,000 ठेव म्हणून. कोरोनात आई-वडील दोघेही गेलेल्या मुलांसाठी राज्याने 2021 मध्ये पाच लाखांची मुदतठेव ठेवली. मुलाला ती व्याजासह मिळणार ते 21 व्या वर्षी. आजीच्या हातात नाही, काकाच्या खात्यात नाही. मुदतठेव म्हणजे कौटिल्याचे गावातले वृद्धच, फक्त आता ते बँकेच्या काउंटरमागे बसतात.

पण इथे मला मावशीची बाजू घ्यायची आहे. या सगळ्या इतिहासात पैशाला कुलूप लावायची युक्ती सुधारत गेली, सांभाळणाऱ्याच्या कष्टांचा रकाना मात्र कोराच राहिला. मुलांना ताप आला तेव्हा रात्रभर जागल्याचे किती रुपये? सकाळी चार वाजता उठून दोन डबे करायचे किती? घरातल्या बाईचं काम फुकट धरायची सवय आपल्याला इतकी आहे की तिने छपरावर खर्च केला की तो डोळ्यांत येतो. राज्याच्या बालसंगोपन योजनेत नातेवाइकाकडे राहणाऱ्या मुलामागे दरमहा मदत मिळते. ती 425 रुपयांवरून 1,100 आणि पुढे 2,250 झाली. रक्कम थोडी आहे, पण सांभाळायला खर्च लागतो हे कोणीतरी कागदावर मान्य तर केलं.

आज तुमच्यातले कितीतरी जण पुण्या-मुंबईला कामाला आहात, आणि लेकरू गावी आजीकडे किंवा आत्याकडे आहे. महिन्याला फोनवरून पैसे पाठवता. पाठवताना दोन वेळा पाठवा. एक रक्कम लेकराच्या नावाच्या खात्यात, जिला कोणी हात लावायचा नाही. दुसरी सांभाळणाऱ्या बाईच्या खात्यात, आणि तिचा हिशोब तिला विचारायचा नाही. त्या पैशातून तिने टिन बदलले तरी ते तिचेच आहेत.