धुळ्याच्या तुरुंगातले सतरावे प्रवचन आणि टोरांटोची प्रश्नावली

१/ रविवार, १२ जून १९३२. धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे गीतेच्या सतराव्या अध्यायावर बोलत होते आणि साने गुरुजी ते उतरवून घेत होते. २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी एक अध्याय, असा हा क्रम अठरा आठवडे चालला. त्यातूनच ‘गीताप्रवचने’ सिद्ध झाली. ग्रंथ सर्वपरिचित आहे. सतराव्या अध्यायात मानवी स्वभावाची एक जुनी मोजपट्टी आहे, तिकडे मात्र सहसा लक्ष जात नाही.

२/ कोणाला काय खाणे आवडते, यावरून तो अध्याय माणसाचा स्वभाव ओळखू पाहतो. रसाळ व स्निग्ध अन्न सात्त्विकाला, तिखट, आंबट, खारट राजसाला, शिळेपाके तामसाला. (खानदेशी ठेच्याची या निकषावर फारशी धडगत नाही.) पण तोच अध्याय देहाला छळणाऱ्या घोर तपाचा निषेधही करतो. सहावा अध्याय तर स्पष्टच सांगतो की योग अतिखाणाऱ्याला साधत नाही, तसा मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही.

३/ ‘मुळीच न खाणे’ हा आजार म्हणून वैद्यकात ठळकपणे नोंदला गेला तो १८७३ मध्ये, लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये शार्ल लासेग यांच्याकडून. ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव गल यांचे. पुढे हिल्डे ब्रुख यांनी या उपासमारीमागचे मन वाचले: आपल्या हातात काहीच नाही ही भावना, आणि भुकेसारख्या शरीराच्या खुणा ओळखता न येणे. या निरीक्षणांना अंकांत बसवण्याचे काम टोरांटोत झाले. डेव्हिड गार्नर आणि पॉल गारफिंकल यांनी १९७९ मध्ये ४० प्रश्नांची चाचणी मांडली. १९८२ मध्ये तिचे २६ प्रश्नांचे रूप आले. १९८३ मध्ये गार्नर आणि सहकाऱ्यांनी ६४ प्रश्नांची दुसरी सूची रचली. तिच्या आठ उपमापनांत परिपूर्णतेचा हट्ट, आपण निष्प्रभ असल्याची भावना, इतरांविषयीचा अविश्वास आणि मोठे होण्याची भीती यांना स्थान होते. आहाराच्या प्रश्नावलीत स्वभाव शिरला तो असा.

४/ योगायोग पाहा. २६ प्रश्नांची चाचणी आली त्याच १९८२ साली, नोव्हेंबरमध्ये, धुळ्याचे ते प्रवचनकार पवनारला अन्न व औषध सोडून बसले होते. १५ नोव्हेंबरला त्यांचे निधन झाले. पोट रिकामे असलेले आवडते का, अन्नासमोर संयम दाखवता का, असे प्रश्न त्या चाचणीत आहेत. उत्तर ‘नेहमी’ असेल तर तीन गुण. एकूण वीस गुण झाले की धोक्याची खूण. संयम कशासाठी, हे विचारणारा रकाना त्यात नाही.

५/ ही त्रुटी लवकरच उघडी पडली. मायकेल किंग आणि दिनेश भुग्रा यांनी उत्तर भारतातील शाळकरी मुलींना हीच चाचणी हिंदीत दिली. १९८९ च्या त्यांच्या निबंधानुसार काही प्रश्नांचा अर्थ मुलींनी आपल्या संस्कृतीप्रमाणे लावला होता आणि त्यामुळे गुण फुगले होते. शब्द अनुवादित झाले, अर्थ मागेच राहिला.

६/ उलट बाजू अधिक गंभीर आहे. १९९५ मध्ये दिल्लीच्या खंडेलवाल, शरण आणि सक्सेना यांनी पाच तरुणींची हकीकत मांडली. त्या जेवत नव्हत्या, उलट्या होत, वजन खूप घटले होते. पण आपण जाड आहोत असा भ्रम त्यांच्यात आढळला नाही. म्हणजे बारीक होण्याच्या ओढीवर बेतलेली मोजपट्टी निरोगी मुलीला आजारी ठरवू शकते आणि खरोखर आजारी मुलगी तिच्यातून निसटू शकते.

७/ खानदेशात हा प्रश्न पुस्तकी नाही. मुक्ताईनगरहून आषाढीला पालखी पंढरपूरला निघते. घराघरांत एकादशीला भगर आणि शेंगदाण्याची आमटी होते. अमळनेरच्या शाळेत शिकवलेले साने गुरुजी १ मे १९४७ रोजी पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून उपोषणाला बसले आणि मागणी मान्य होताच ते सुटले. त्या उपोषणाला हेतू होता, साक्षीदार होते आणि शेवटही होता. आजाराने न जेवणाऱ्या मुलीचे असे नसते. पण तीही घरात ‘आज माझा उपास आहे’ एवढेच म्हणते आणि एकादशीच्या घरात त्यावर कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही.

८/ तेव्हा जळगाव-धुळ्यासाठी मराठीत वा अहिराणीत अशी सूची कोणी रचलीच, तर सव्विसाव्या प्रश्नानंतर एक सत्ताविसावा लागेल: उपास कोणत्या दिवशी सोडला, आणि पारण्याला पानात काय होते?