स्मार्ट बॅटरी चार्जर

स्मार्ट बॅटरी चार्जर हे पुनर्भारणक्षम सेलची स्थिती तपासून त्यानुसार विद्युतधारा पुरवणारे आणि सेल पूर्ण भरताच ती आपोआप थांबवणारे उपकरण आहे. विजेरी, खेळणी, रिमोट, कॅमेऱ्याचा फ्लॅश इत्यादींत वापरल्या जाणाऱ्या डबल-ए (पेन्सिल सेल) व ट्रिपल-ए आकाराच्या निकेल-मेटल हायड्राइड सेलसाठी घरोघरी असे चार्जर वापरले जातात. सेलचे आयुष्य बऱ्याच अंशी चार्जरवर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

निकेल-मेटल हायड्राइड सेल १९८९ च्या सुमारास बाजारात आले. विषारी कॅडमियम असलेल्या निकेल-कॅडमियम सेलची जागा त्यांनी हळूहळू घेतली. सुरुवातीचे सेल न वापरताही काही महिन्यांत रिकामे होत. २००५ मध्ये सान्यो या जपानी कंपनीने एनेलूप या नावाने दीर्घकाळ भार टिकवून धरणारे सेल आणले. त्यानंतर रिमोटसारख्या कमी वीज लागणाऱ्या उपकरणांतही असे सेल वापरणे सोयीचे झाले.

कार्यपद्धती

या सेलचा नाममात्र विद्युतदाब १.२ व्होल्ट असतो. चार्जिंग होताना तो वाढत जातो. सेल भरल्यावर पुरवलेल्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होऊ लागते आणि विद्युतदाब काही मिलिव्होल्टने घसरतो. ही घसरण ओळखून स्मार्ट चार्जर चार्जिंग थांबवतो. निकेल-कॅडमियम सेलच्या तुलनेत ही घसरण अल्प असते. विद्युतधारा फार कमी असल्यास ती स्पष्टपणे जाणवतही नाही. म्हणून चांगल्या चार्जरमध्ये तापमान संवेदक आणि कमाल वेळेची मर्यादा ही जादा संरक्षणे असतात.

साध्या चार्जरमध्ये केवळ वेळमापक असतो, किंवा तोही नसतो. अर्धा भरलेला सेल त्यात ठेवला, तरी रिकाम्या सेलइतकाच वेळ त्याला विद्युतधारा मिळते. अशा अतिचार्जिंगमुळे सेल तापतो व त्याची क्षमता घटते.

निवडीचे निकष

* स्वतंत्र कप्पे: काही चार्जरमध्ये सेल जोडीनेच भरावे लागतात. जोडीतील एक सेल अधिक भरलेला असल्यास तो आधी पूर्ण भरतो, पण दुसऱ्यासाठी चार्जिंग सुरूच राहते. प्रत्येक कप्प्यावर स्वतंत्र नियंत्रण असल्यास हा दोष टळतो. तीन सेलच्या विजेरीसाठी तर असाच चार्जर सोयीचा ठरतो.
* विद्युतधारा: २,००० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या सेलला २०० मिलिअँपिअर विद्युतधारेने भरण्यास १४ ते १६ तास लागतात, तर १,००० मिलिअँपिअरने सुमारे सव्वादोन तास. ट्रिपल-ए सेलची क्षमता कमी असल्याने त्यांना विद्युतधाराही कमी लागते. चारही कप्पे भरल्यावर काही चार्जर प्रत्येक कप्प्याची विद्युतधारा घटवतात. ही माहिती माहितीपत्रकात पाहावी.
* चार्जिंगनंतरचे वर्तन: सेल भरल्यावर काही चार्जर अल्प विद्युतधारा पुरवत राहतात. ती जितकी कमी, तितके सेलसाठी हितकारक.
* मापन: काही चार्जर सेल पूर्ण रिकामा करून पुन्हा भरतात व त्याची प्रत्यक्ष क्षमता दाखवतात. त्यावरून समान क्षमतेचे सेल एकत्र वापरता येतात. असमान सेल एकाच उपकरणात असल्यास कमकुवत सेल आधी रिकामा होतो आणि त्याची ध्रुवता उलटी होऊन तो खराब होऊ शकतो.

ज्या घरात केवळ रिमोटसाठी सेल लागतात, तेथे मापनाची सोय अनिवार्य नसते. स्वतंत्र कप्पे आणि खात्रीशीर स्वयंचलित थांबा हे दोन गुण मात्र सर्वच वापरांसाठी महत्त्वाचे आहेत.

सुरक्षितता

एकदाच वापरायचे अल्कलाइन किंवा झिंक-कार्बन सेल या चार्जरमध्ये ठेवू नयेत. ते गळू किंवा फुटू शकतात. डबल-एच्याच आकाराचे, पण ३.७ व्होल्टचे लिथियम-आयन सेलही बाजारात मिळतात. त्यांना वेगळ्या पद्धतीचे चार्जिंग लागते. त्यामुळे केवळ आकारावर विसंबून न राहता सेलवरील छापील मजकूर वाचणे आवश्यक ठरते. चार्जिंगच्या अखेरीस सेल कोमट होणे स्वाभाविक आहे. हात लावता येणार नाही इतका सेल तापल्यास चार्जर बंद करावा.

विल्हेवाट

निकामी सेल घरगुती कचऱ्यात टाकू नयेत. भारतात बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्यांचे संकलन व पुनर्चक्रीकरण ही उत्पादकांची जबाबदारी आहे, तर ग्राहकाने त्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवून संकलनासाठी देणे अपेक्षित आहे.