लाटण्याची कुळकथा: पुरुषद्वेषाच्या आळाचे एक घरगुती हत्यार

लाटणे हे पोळपाटावर कणकेचा उंडा फिरवून त्याची पोळी करण्याचे, टोकांकडे निमुळते होत गेलेले लाकडी साधन आहे, आणि स्वयंपाकघरातील इतर कोणत्याही भांड्याच्या किंवा अवजाराच्या वाट्याला न आलेले दुहेरी सार्वजनिक आयुष्य त्याच्या वाट्याला आले. व्यंगचित्रांत ते नवऱ्यावर उगारलेले बायकोचे शस्त्र ठरले; मुंबईच्या रस्त्यांवर १९७२ नंतरच्या काही वर्षांत तेच लाटणे हजारो स्त्रियांच्या हातात सरकारला जाब विचारण्याचे साधन म्हणून दिसले. स्त्रीवादावर, म्हणजे स्त्रीला माणूस म्हणून समान हक्क असावेत आणि त्यांच्या आड येणारी व्यवस्था बदलावी या विचारावर, पुरुषद्वेषाचा जो आळ घेतला जातो, त्याची घडण समजून घ्यायची असेल तर या दोन परंपरा शेजारी ठेवून पाहाव्या लागतात. कारण मागणी सार्वजनिक असली तरी तिला उत्तर देताना ती नवरा-बायकोच्या भांडणात आणून बसवायची, ही त्या आळाची मूळ रीत आहे.

लाटण्याचे कूळ गव्हाचे आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ यांच्या पिठाला गव्हाच्या कणकेसारखा ताण नसल्यामुळे त्यांची भाकरी हातावर किंवा परातीत थापली जाते, आणि ज्या घरांत रोज भाकरीच होत असे तेथे पोळपाट-लाटणे सणावारीच बाहेर निघे. मुंबईत मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, शिधावाटप सुरू झाले, पुढे १९५६ च्या करारानंतर अमेरिकेचा गहू देशात येऊ लागला, आणि शिधापत्रिकेवर, म्हणजे रेशन कार्डावर, जे धान्य मिळेल ते शिजवावे लागणाऱ्या चाळींतील आणि वस्त्यांतील घरांमध्येही लाटण्याला रोजचे काम मिळाले. लाटणे मोर्चाचे चिन्ह होऊ शकले त्यामागे ही साधी गोष्ट आहे: गिरगावातील कारकुनाच्या घरात आणि गोरेगावातील गिरणी किंवा कारखान्यातील कामगाराच्या खोलीत सारख्याच असणाऱ्या ज्या थोड्या वस्तू होत्या, त्यांपैकी ते एक होते.

विनोदातील लाटण्याचे कूळ याहून वेगळे, आणि बऱ्याच अंशी पाश्चात्त्य आहे. जॉर्ज मॅकमॅनस या अमेरिकन चित्रकाराने १९१३ मध्ये सुरू केलेल्या ‘ब्रिंगिंग अप फादर’ या चित्रमालिकेतील मॅगी ही बायको जिग्ज या नवऱ्यामागे लाटणे घेऊन धावत असे, आणि ही प्रतिमा जगभरच्या वृत्तपत्रांतून पसरली. स्त्रियांनी मताधिकार मागितला तेव्हा त्या मागणीची टर उडवणारी पोस्टकार्डे ब्रिटन आणि अमेरिकेत छापली गेली. १९०९ मध्ये अमेरिकेतील एका मुद्रणसंस्थेने काढलेल्या अशा बारा कार्डांच्या संचातील एका चित्रात नवरा तान्ह्या बाळाला बाटलीने दूध पाजत बसला आहे आणि त्याच्या डोक्यामागे बशी अशी आली आहे की तो मेरीमातेच्या चित्रासारखा तेजोवलयांकित दिसावा. मागणी मतपेटीची होती. उत्तर मात्र घरातील कामाच्या वाटणीवर हसू आणून दिले गेले. मराठी दिवाळी अंकांतील हास्यचित्रांनी हाच साचा उचलला आणि दारात लाटणे घेऊन उभी असलेली बायको व उशिरा घरी येणारा, खांदे पाडलेला नवरा ही जोडी वाचकांच्या इतकी अंगवळणी पडली की तिच्याकडे कोणी युक्तिवाद म्हणून पाहिलेच नाही.

महाराष्ट्रात हा आळ लाटण्याच्या विनोदापेक्षाही जुना आहे. सुरत येथे विजयालक्ष्मी या विधवेने आपल्या नवजात अर्भकाला मारल्याबद्दल १८८१ मध्ये तिला फाशीची शिक्षा सुनावली गेली, पुढे ती कमी झाली, पण त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून एकूण स्त्रीजातीच्या नीतीवर जे लिहिले गेले त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक पुण्यात छापले. पुस्तकाची भाषा तिखट आहे, रोख सरळ पुरुषांवर आहे, आणि तरीही त्यातील मूळ प्रश्न तुलनेचा आहे: जे दुर्गुण स्त्रीच्या माथी मारले जातात ते पुरुषांत नाहीत काय, आणि असतील तर शिक्षा एकालाच का. पुस्तकाची हेटाळणी करणाऱ्यांत सत्यशोधक चळवळीतील माणसेही होती, आणि त्यांच्याविरुद्ध जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’ या आपल्या नियतकालिकातून ताराबाईंची बाजू घेतली. म्हणजे मराठीतील पहिल्या ठळक स्त्रीवादी ग्रंथाचा पाठीराखा एक पुरुष होता. त्याच सुमारास, १८८६ मध्ये, नारायण बापूजी कानिटकर यांची ‘तरुणीशिक्षणनाटिका’ आली, जिच्यात शिकलेली मुलगी घर आणि नवरा दोन्हींना जड होते असे दाखवून स्त्रीशिक्षणाची खिल्ली उडवलेली आहे. ताराबाईंचे पुस्तक नंतर विस्मरणात गेले आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे नव्या पिढीच्या हाती पडले.

लाटण्याच्या या दोन कुळांची गाठ जिथे पडली त्या घडामोडींत मुंबईच्या पश्चिम उपनगरातील गोरेगावचा वाटा मोठा आहे. राष्ट्र सेवा दलातून घडलेल्या मृणाल मोहिले यांनी वैद्यकीय शिक्षण सोडून १९४८ मध्ये समाजवादी कार्यकर्ते केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी विवाह केला, आणि दोघांनी गोरेगाव हे आपले कार्यक्षेत्र ठरवले. तेव्हा गोरेगाव महापालिकेच्या हद्दीबाहेरचे गाव होते. मृणाल गोरे प्रथम तेथील ग्रामपंचायतीत आणि १९६१ मध्ये मुंबई महानगरपालिकेत निवडून आल्या. केशव गोरे यांचे १९५८ मध्ये निधन झाले, त्यांच्या नावाने गोरेगावात स्मारक विश्वस्त संस्था उभी राहिली, आणि पाण्याच्या नळासाठी हंडे घेऊन काढलेल्या मोर्चांमुळे मृणालताईंना ‘पाणीवाली बाई’ हे नाव मिळाले. स्त्रियांच्या या राजकारणाचा पाया एका सहजीवनात होता, आणि पुढे ज्या संस्थेच्या छपराखाली त्या भागातील स्त्रियांचे काम वाढले ती एका पुरुषाच्या स्मृतीला वाहिलेली होती, ही बाब पुरुषद्वेषाच्या आळाचा विचार करताना नोंदवण्याजोगी आहे.

१९७२ च्या दुष्काळात धान्य, गोडेतेल, साखर आणि रॉकेल यांचे भाव चढले, रेशनच्या दुकानांत माल येईना, आणि जो आला तो अनेकदा मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, असे. त्या वर्षी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली, आणि मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांतील स्त्रिया तिच्यात एकत्र आल्या. समितीच्या लाटणे मोर्चांत स्त्रिया एका हातात रिकामी थाळी आणि दुसऱ्या हातात लाटणे घेऊन चालत, आणि थाळीवर लाटणे आपटून जो कल्लोळ उठे त्याला थाळीनाद म्हटले जाई. ठरलेल्या वेळी घरातील दिवे मालवून खिडकीत, गॅलरीत थाळी वाजवण्याची हाकही दिली जाई, त्यामुळे लहान मूल सोडून मोर्चाला येऊ न शकणारी बाईसुद्धा आपल्या दारातून आंदोलनात सामील होई. साधनाची निवड अचूक होती. लाटण्यासाठी वर्गणी लागत नव्हती, ते वापरायला शिकवावे लागत नव्हते, पोलिसांना ते शस्त्र म्हणून जप्त करता येत नव्हते, आणि ते रिकाम्या थाळीवर पडले की वेगळ्या घोषणेची गरज उरत नव्हती.

या मोर्चांतील लाटणे नवऱ्यावर उगारलेले नव्हते हे उघड होते. मागितलेले तेल आणि साखर साऱ्या घरासाठी होती, आणि त्या चळवळीला पुरुषद्वेष्टी म्हणणे कोणालाही सोयीचे नव्हते. आणीबाणीने १९७५ मध्ये ही चळवळ थांबवली. त्याच वर्षी पुण्यात स्त्रीमुक्ती संघर्ष परिषद भरली, मुंबईत स्त्री मुक्ती संघटना स्थापन झाली, आणि प्रश्न रेशनच्या दुकानातून उंबरठ्याच्या आत शिरले. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पोलिसांना निर्दोष सोडले. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, त्यातील दोघे पुरुष होते, आणि त्यातून उसळलेल्या आंदोलनामुळे १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्याच वर्षी विवाहितेच्या छळाविरुद्धचे ४९८अ हे कलम दंडसंहितेत आले, ज्योती म्हापसेकर यांचे ‘मुलगी झाली हो’ हे नाटक रंगमंचावर आले, आणि गोरेगावात मृणाल गोरे यांनी केशव गोरे स्मारकात पीडित स्त्रियांसाठी ‘स्वाधार’ हे केंद्र सुरू केले. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारे खाजगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेला कायद्याचा प्रस्ताव, त्यांनी १९८६ मध्ये विधानसभेत आणले, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातील पहिला असा कायदा केला.

आळाने जोर धरला तो याच टप्प्यावर. महागाईविरुद्ध लाटणे वाजवणारी बाई कौतुकाची ठरली होती. हुंडा, मारहाण आणि घरकाम यांविषयी बोलणारी तीच बाई घरफोडी ठरली. स्त्रीवादी विचाराने या प्रश्नांमागील व्यवस्थेसाठी पितृसत्ता ही संज्ञा वापरली: मालमत्ता, निर्णय आणि शरीर यांवरील अधिकार पुरुषाच्या हाती ठेवणारी ती व्यवस्था आहे, तिच्यात सासू सुनेवर सत्ता गाजवू शकते आणि कमावू न शकणारा मुलगाही भरडला जातो, म्हणून ती एखाद्या पुरुषाच्या स्वभावाचे नाव नाही. ही संज्ञा न समजता किंवा समजूनही बाजूला सारून व्यवस्थेवरील टीका व्यक्तीवरील राग म्हणून वाचली गेली, आणि वाचणाऱ्याच्या मनात लाटणेवाल्या बायकोचे चित्र आधीच तयार होते.

आळाला मुळीच आधार नाही असे म्हणणे मात्र अभ्यासाला धरून होणार नाही. पाश्चात्त्य चळवळीच्या कडेला पुरुषांविषयी उघड तिटकारा व्यक्त करणारे लेखन झाले. व्हॅलरी सोलानस यांचा १९६७ चा जाहीरनामा त्याचे टोकाचे उदाहरण आहे, पण कोणत्याही मोठ्या स्त्रीसंघटनेने त्याला आपला कार्यक्रम मानले नाही. आपल्याकडे ४९८अ या कलमाच्या गैरवापराची तक्रार झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात केवळ तक्रार आली म्हणून सरसकट अटक करू नये असे बजावले. ही तक्रार गंभीरपणे घ्यायलाच हवी, कारण विनाकारण अटक झालेल्या वृद्ध सासऱ्यावरील अन्याय हाही अन्यायच आहे. परंतु तिचा रोख अटकेच्या पद्धतीवर आहे, आणि पद्धतीतील दोष पद्धत सुधारून दूर होतो, त्यावरून कायदा मागणाऱ्यांच्या मनातील द्वेष सिद्ध होत नाही.

हा आळ तपासण्याची सर्वांत सरळ कसोटी म्हणजे चळवळीने पुरुषांसाठी जागा ठेवली का, हे पाहणे. पत्नीला मारहाण करणे मान्य नसलेल्या पुरुषांनी पुढे यावे, असे आवाहन पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी १९९१ मध्ये मुंबईतील एका इंग्रजी दैनिकातून केले, त्याला दोनशेहून अधिक पुरुषांनी प्रतिसाद दिला, आणि १९९३ मध्ये ‘मावा’ ही स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध पुरुषांची संघटना मुंबईत उभी राहिली; हरीश सदानी यांनी ते काम पुढे महाविद्यालयीन तरुणांपर्यंत नेले आणि संघटनेचा ‘पुरुषस्पंदनं’ हा अंक निघू लागला. पुण्यात ‘पुरुष उवाच’ हा दिवाळी अंक स्त्रीवादी वर्तुळातूनच निघाला. ‘मिळून साऱ्याजणी’ या मासिकाच्या संस्थापक संपादक विद्या बाळ यांनी, ज्यांच्यावर हा आळ वारंवार घेतला गेला, उत्तरायुष्यात पुरुषांसाठी संवाद केंद्र सुरू केले, कारण पुरुषालाही बोलायला जागा नाही हे त्यांच्या कामातूनच त्यांच्या लक्षात आले होते.

गोरेगावपासून पुण्यापर्यंतचा हा व्यवहार पाहता निष्कर्ष स्पष्ट आहे. स्त्रीवादी लेखनात राग आहे आणि काही वेळा तो पुरुषांना उद्देशून आहे. परंतु चळवळ म्हणून स्त्रीवादाने जे मागितले ते पाणी, धान्य, कायदा, सुरक्षितता आणि घरातील न्याय्य वाटणी हे होते, आणि ते मागताना पुरुषांना सोबत घेतले. त्यामुळे पुरुषद्वेषाचा आळ त्याच्यावर अन्यायाने घेतला जातो, आणि तो घेणाऱ्याने मूळ मागणीचे उत्तर अजून दिलेले नसते.