भारतीय आर्य भाषांचे वर्गीकरण

इंडो-यूरोपियन भाषाकुलाच्या इंडो-इराणी शाखेतील भारतीय आर्य भाषांची परस्परनाती ठरवून त्यांचे गट पाडणे, हा ऐतिहासिक भाषाशास्त्रातील एक प्रश्न. मराठी, कोकणी, गुजराती, सिंधी, पंजाबी, हिंदी, नेपाळी, बंगाली, असमिया व ओडिया या प्रमुख भाषा, तसेच श्रीलंकेतील सिंहली, मालदीवमधील दिवेही आणि यूरोपात पसरलेली रोमानी यांचा या शाखेत समावेश होतो. या सर्व भाषा एकाच मूळ शाखेच्या, याविषयी वाद नाही. शाखेचे पोटगट कसे पाडावेत, याविषयी मात्र दीडशे वर्षांत एकमत झालेले नाही.

पूर्वपीठिका : संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच, कदाचित आज अस्तित्वात नसलेल्या, मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, हे मत विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे मांडले. फ्रांझ बोप यांनी 1816 मध्ये क्रियारूपांच्या तुलनेने त्याला शास्त्रीय आधार दिला. त्याच वर्षी मद्रासमध्ये एफ. डब्ल्यू. एलिस यांनी तेलुगूत संस्कृत शब्द विपुल असले तरी तिचे मूळ संस्कृतात नाही, हे दाखवले. रॉबर्ट कॉल्डवेल यांच्या 1856 च्या तौलनिक व्याकरणाने द्राविडी कुलाची कल्पना रूढ झाली. अर्वाचीन आर्य भाषांची पहिली सविस्तर तुलना जॉन बीम्स यांनी तीन खंडांत (1872–79) केली. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची विल्सन व्याख्याने 1877 मध्ये मुंबईत झाली. ती ग्रंथरूपाने 1914 मध्ये आली.

पद्धती : भाषांचे वर्गीकरण वंशमूलक, रचनामूलक व क्षेत्रीय अशा तीन तत्त्वांवर करतात. नाते ठरते ते पहिल्यावर. त्यासाठी शब्दांचे वरवरचे साम्य पुरत नाही. ध्वनींची नियमित जुळणी लागते. तत्सम शब्द व उसने घेतलेले शब्द पुराव्यातून वगळावे लागतात आणि तद्भव शब्द तपासावे लागतात. प्राकृतातील ‘च्छ’ हिंदीत ‘छ’ या रूपात टिकला, तर मराठीत त्याचा ‘स’ झाला : मच्छ–मछली–मासा, पुच्छ–पूछना–पुसणे, वच्छ–बछड़ा–वासरू. पुढे इ किंवा ए आल्यास मराठीत ‘श’ होतो : मच्छिआ–माशी, छेत्त–शेत. ‘छ’ असलेले मराठी शब्द म्हणूनच बहुधा तत्सम वा उसने असतात. असमियातही ‘छ’चा उच्चार ‘स’ होतो. पण तेथे ‘च’चाही ‘स’ झाला आहे. म्हणजे दोन्ही भाषांतील बदल स्वतंत्रपणे घडले आणि त्यावरून जवळचे नाते सिद्ध होत नाही. गट ठरवताना मूळ भाषेपासून चालत आलेली समान वैशिष्ट्येही उपयोगी पडत नाहीत. मराठी व गुजराती यांत तीन लिंगे टिकली, शब्दारंभीचा ‘व’ टिकला (वीस, हिंदी बीस), एवढ्यावरून त्या एका गटाच्या ठरत नाहीत. समान नावीन्य हाच ग्राह्य पुरावा.

आउगुस्ट श्लायखर यांच्या वंशवृक्षाच्या कल्पनेत भाषा एकमेकींपासून तुटून वेगळ्या होतात. योहानेस श्मिट यांनी 1872 मध्ये मांडलेल्या तरंगसिद्धांतानुसार बदल शेजारच्या बोलींत पसरत जातात आणि प्रत्येक बदलाची सीमा वेगळी असते. उत्तर भारतातील सलग बोलीपट्ट्याला दुसरी कल्पना अधिक लागू पडते.

भारतीय भाषांची पाहणी : वर्गीकरणाची मुख्य सामग्री जॉर्ज अब्राहम ग्रीअर्सन यांच्या पाहणीतून मिळाली. हे काम 1894 मध्ये सुरू झाले आणि त्याचे 11 खंड 1903 ते 1928 या काळात प्रसिद्ध झाले. त्यांत 179 भाषा व 544 बोली नोंदवल्या आहेत. प्रत्येक बोलीचे शक्यतो तीन नमुने मागवले जात : बायबलमधील उधळ्या पुत्राच्या कथेचे भाषांतर, स्थानिक गोष्ट किंवा गाणे यांसारखा एखादा मजकूर आणि ठरावीक शब्द व वाक्यांची यादी. नमुने मुख्यतः जिल्हा अधिकाऱ्यांमार्फत जमा झाले. ते लिहून घेणारे ध्वनिशास्त्रात शिकलेले नसल्याने उच्चारांची नोंद सर्वत्र सारखी विश्वसनीय नाही. मद्रास इलाखा आणि हैदराबाद व म्हैसूर ही संस्थाने पाहणीच्या कक्षेबाहेर होती. त्यामुळे तेव्हा हैदराबाद संस्थानात असलेल्या मराठवाड्याच्या बोलींचे चित्र अपुरे राहिले. मराठीचा सातवा खंड (1905) स्टेन कोनो यांनी तयार केला.

अंतर्वर्ती-बहिर्वर्ती वाद : आर्यभाषकांच्या टोळ्या दोन वेगवेगळ्या वेळी भारतात आल्या, अशी कल्पना रूडॉल्फ होर्नले यांनी 1880 मध्ये मांडली. तिला धरून ग्रीअर्सन यांनी मध्यदेशातील (गंगा-यमुना दुआबाच्या परिसरातील) भाषांचा आतला गट आणि सिंधी, लहंदा (पश्चिम पंजाबी), मराठी, ओडिया, बंगाली, असमिया व बिहारी यांचा बाहेरचा गट कल्पिला. पूर्व हिंदी दोहोंच्या मध्ये ठेवली. गुजराती त्यांनी आतल्या गटात घातली. बाहेरच्या गटाचा एक ठळक पुरावा म्हणजे भूतकाळातील ‘ल’ : मराठी गेला, बिहारी व बंगाली गेल, ओडिया गला.

सुनीतिकुमार चटर्जी यांनी बंगालीच्या उद्गमविकासावरील ग्रंथात (1926) ही मांडणी खोडून काढली. हा ‘ल’ प्राकृतातील ‘-इल्ल-’ या सर्वत्र आढळणाऱ्या प्रत्ययापासून आला असून गुजरातीतही त्याचे अवशेष दिसतात. ‘श’चे साम्यही पुरावा ठरत नाही : बंगालीतील ‘श’ मागधी प्राकृताचा वारसा आहे, तर मराठीतील ‘श’ पुढच्या स्वरामुळे होतो. चटर्जींनी उत्तरी, पश्चिमी, मध्यदेशीय, पूर्वी व दक्षिणी असे पाच गट सुचवले. पुढील काळातील पाठ्यपुस्तकांत बहुधा याच धर्तीची विभागणी आढळते. फ्रँक्लिन साउथवर्थ यांनी 2005 मध्ये बहिर्वर्ती गटाची कल्पना नव्या पुराव्यानिशी पुन्हा मांडली. ती सर्वमान्य नाही. कॉलिन मसीका यांच्या 1991 च्या ग्रंथात पूर्वीच्या योजना शेजारी शेजारी ठेवल्या असून त्यांतील विसंगती स्पष्ट दिसते.

मराठीचे स्थान : मराठी दक्षिणी गटात एकटी किंवा कोकणीसह ठेवतात. झ्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरील फ्रेंच ग्रंथ (1920) आजही मूलभूत मानला जातो. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो मराठीत आणला. मराठी महाराष्ट्री प्राकृतापासून आली, हे मत सामान्यतः स्वीकारले जाते. मात्र उपलब्ध महाराष्ट्री ही साहित्याची भाषा असल्याने ती बोलीशी कितपत जुळत होती, याबद्दल सावधगिरी आवश्यक आहे.

पोटविभागांबाबत मतभेद अधिक आहेत. कोनो यांनी कोकणी मराठीच्या खंडात घेतली. सु. मं. कत्रे यांनी 1942 मध्ये तिच्या घडणीचा स्वतंत्र अभ्यास केला. अ. मा. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या पाहणीचा आरंभ मात्र दक्षिण कानडातील कोकणीनेच झाला (1963). साहित्य अकादमीने 1975 मध्ये कोकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली आणि 1992 मध्ये तिचा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला. अहिराणी, म्हणजे खानदेशी, ग्रीअर्सन यांच्या पाहणीत मराठीच्या नव्हे तर भिल्ल भाषांच्या खंडात (1907) आहे. बस्तरची हलबी कोनो यांनी मराठीखाली दिली. इतर काही अभ्यासक तिला पूर्वेकडील गटात ठेवतात. 2011 च्या जनगणनेत खानदेशी व हलबी या दोन्ही स्वतंत्र भाषा आहेत.

संपर्काचा प्रश्न : मरे एमेनो यांनी 1956 मध्ये भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याचे प्रतिपादन केले, म्हणजे येथे वेगवेगळ्या कुलांतील भाषा सहवासाने रचनेत सारख्या होतात. जॉन गंपर्झ व रॉबर्ट विल्सन यांनी 1971 मध्ये सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथील मराठी, कानडी व उर्दू यांची वाक्ये जवळजवळ शब्दाला शब्द अशी जुळतात, असे दाखवले. शब्द व प्रत्यय मात्र ज्या त्या भाषेचेच राहिले होते. त्याच वर्षी साउथवर्थ यांनी मराठीच्या उगमाशी भाषामिश्रणाची प्रक्रिया असावी, असे सुचवले. हा मुद्दा विवाद्य आहे.

दार्दिक : या गटात काश्मिरी, शिना इत्यादी भाषा येतात. हा वंशमूलक गट की केवळ भौगोलिक, हे अनिर्णीत आहे.

रोमानी : राल्फ टर्नर यांनी 1926 मध्ये तिचे मूळ मध्यदेशीय गटाशी जोडले.

सिंहली व दिवेही : या दोन भाषा परस्परांना निकट आहेत.

मूल्यमापन : सर्वांत वरच्या पातळीवर शाखेचे एकत्व आणि सर्वांत खालच्या पातळीवर असमिया-बंगाली किंवा सिंहली-दिवेही अशा जोड्या निश्चित आहेत. मधल्या पातळीवरचे गट कोणते लक्षण प्रमाण मानले यावर बदलतात. म्हणून ते वंशवृक्षाच्या फांद्या न मानता अभ्यासाच्या सोयीचे विभाग मानणे युक्त होय.