मॉन्टगोमेरीचा बहिष्कार : एका सायंकाळमागील बारा वर्षे

दिनांक १ डिसेंबर १९५५ रोजी सायंकाळी अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील मॉन्टगोमेरी नगरात रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय महिलेने बसमधील आपली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडण्यास नकार दिला. त्यांना अटक झाली, नगरातील कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला आणि त्यातून मार्टिन ल्यूथर किंग यांचे नेतृत्व उदयास आले. हा वृत्तान्त आमच्या वाचकांस विदित आहेच. परंतु आपल्याकडील व्याख्यानांतून तो बहुधा असा सांगितला जातो की, दिवसभर शिवणकाम करून दमलेली एक साधीभोळी स्त्री होती, तिचे पाय दुखत होते म्हणून ती उठली नाही आणि त्या एका नकारातून एक महान चळवळ आपोआप उभी राहिली.

कथा हृद्य आहे, परंतु ती इतिहास नव्हे. पार्क्स यांचे वय तेव्हा ४२ वर्षांचे होते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात शारीरिक थकव्याचे हे कारण त्यांनी स्वच्छ शब्दांत नाकारले आहे. आम्हां पालिच्या अभ्यासकांस एका घटनेचे एकच कारण मानणे तसेही जड जाते. प्रत्येक घटनेमागे अनेक हेतू आणि पच्चय असतात. ते न पाहता केवळ फळ पाहणाऱ्यास ते फळ चमत्कार वाटते. मॉन्टगोमेरीच्या त्या सायंकाळीमागे किमान बारा वर्षांची पूर्वतयारी होती आणि ती करणाऱ्यांत स्त्रिया व कामगार अग्रभागी होते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बसमधील व्यवस्था

१८९६ साली प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सोयी समान असतील तर त्या वेगळ्या ठेवण्यास हरकत नाही, असा निर्णय दिला. या आधारावर दक्षिणेतील राज्यांत शाळा, उपाहारगृहे, पाणवठे, वाहने या सर्वांत वर्णभेद कायद्याने रुजला. मॉन्टगोमेरीच्या बसमध्ये पुढील दहा जागा गोऱ्यांसाठी राखीव असत. त्या रिकाम्या असल्या तरी कृष्णवर्णीयाने तेथे बसावयाचे नाही, असा दंडक होता. मधल्या रांगांत कृष्णवर्णीय बसू शकत, पण गोरा उतारू उभा राहिल्यास चालक त्यांना उठवी. अनेकदा पुढील दाराने चढून भाडे भरावयाचे, पुन्हा खाली उतरावयाचे व मागील दाराने आत यावयाचे, असा अपमानही सोसावा लागे. कधी कधी उतारू मागील दारापर्यंत पोचण्याआधीच बस निघून जाई. बसच्या उतारूंपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कृष्णवर्णीय होते. म्हणजे ज्यांच्या पैशावर बस चालत होती त्यांनाच बसण्याचा हक्क नव्हता.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. पार्क्स गोऱ्यांच्या राखीव जागेवर बसल्या नव्हत्या. त्या मधल्या भागात, म्हणजे रूढ नियमानुसारही त्यांना मोकळ्या असलेल्या जागेवर बसल्या होत्या. एका गोऱ्या उतारूसाठी चालकाने चार कृष्णवर्णीयांना उठण्यास सांगितले. तिघे उठले, पार्क्स उठल्या नाहीत.

बारा वर्षांची पूर्वतयारी

१९४३ साली पार्क्स एन.ए.ए.सी.पी. या संस्थेच्या मॉन्टगोमेरी शाखेच्या चिटणीस झाल्या. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ मध्ये स्थापन झालेली ही अखिल अमेरिकी संस्था होय. त्याच वर्षी मागील दाराने चढण्याच्या नियमावरून एका चालकाने पार्क्स यांना बसबाहेर काढले होते. १९५५ च्या बसचा चालक तोच होता. मतदार म्हणून नाव नोंदविण्याचे त्यांचे प्रयत्न १९४३ पासून चालू होते; ते १९४५ मध्ये यशस्वी झाले. त्यासाठी त्यांना वयाच्या एकविसाव्या वर्षापासूनचा मतदानकर वर्षाला दीड डॉलर या दराने, म्हणजे एकूण साडेसोळा डॉलर, भरावा लागला. १९४४ मध्ये अलाबामातील ॲबव्हिल येथे रीसी टेलर या कृष्णवर्णीय महिलेवर गोऱ्यांनी सामूहिक बलात्कार केला, तेव्हा चौकशीसाठी शाखेने पार्क्स यांनाच पाठविले होते. गुन्हेगारांवर खटला उभा राहिला नाही, परंतु साक्षी नोंदविण्याचे, पत्रे लिहिण्याचे, लोकांस एकत्र आणण्याचे शिक्षण अशा कामांतूनच मिळत गेले.

या शाखेचे प्रमुख कार्यकर्ते ई. डी. निक्सन हे रेल्वेच्या शयनयानातील सेवक होते. ए. फिलिप रँडॉल्फ यांनी १९२५ मध्ये या सेवकांची जी युनियन स्थापन केली, तिच्यात निक्सन तयार झाले होते. त्यांचे शालेय शिक्षण अत्यल्प होते, पण संघटना कशी बांधावी हे त्यांना ठाऊक होते.

तिसरा प्रवाह शिक्षिकांचा. १९४६ साली मेरी फेअर बर्क्स यांनी महिला राजकीय परिषद स्थापन केली. इंग्रजीच्या प्राध्यापिका जो ॲन रॉबिन्सन १९४९ मध्ये या नगरात आल्या. रिकाम्याच बसमध्ये पुढील भागात बसल्याबद्दल चालकाने आरडाओरडा करून त्यांना हाकलले. हा अपमान त्या विसरल्या नाहीत. पुढच्याच वर्षी त्या परिषदेच्या अध्यक्षा झाल्या. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला. त्यानंतर चारच दिवसांनी, २१ मे रोजी, रॉबिन्सन यांनी नगराध्यक्षांस पत्र पाठवून बसमधील वागणूक न सुधारल्यास बहिष्कार होऊ शकेल, अशी सूचना दिली. म्हणजेच बहिष्काराचा विचार पार्क्स यांच्या अटकेपूर्वी दीड वर्ष लेखी स्वरूपात अस्तित्वात होता.

१९५५ च्या उन्हाळ्यात पार्क्स टेनेसी राज्यातील हायलँडर फोक स्कूल येथे दोन आठवड्यांच्या शिबिरास गेल्या. कृष्णवर्णीय व गोरे येथे एकत्र राहत, जेवत व चर्चा करीत. तेथे सेप्टिमा क्लार्क या शिक्षिका शिकवीत होत्या. चार दशके शाळेत शिकविणाऱ्या क्लार्क यांना एन.ए.ए.सी.पी.चे सभासदत्व लपविण्यास नकार दिल्यामुळे १९५६ मध्ये नोकरीस मुकावे लागले. परंतु १९५७ च्या जानेवारीत त्यांच्या पुढाकाराने साउथ कॅरोलिनातील जॉन्स बेटावर एका सहकारी दुकानाच्या मागील खोलीत पहिली नागरिकत्व शाळा सुरू झाली. दक्षिणेत मतदार होण्यासाठी वाचनाची परीक्षा द्यावी लागे. ती देता यावी म्हणून प्रौढांस तेथे अक्षरओळख दिली जाई.

पहिली नव्हे

पार्क्स यांच्याही आधी, २ मार्च १९५५ रोजी, क्लॉडेट कॉल्व्हिन या १५ वर्षांच्या विद्यार्थिनीने जागा सोडण्यास नकार दिला. तिला हातकड्या घालून तुरुंगात नेण्यात आले. अपिलात न्यायालयाने वर्णभेदाच्या कायद्याचा भंग केल्याचा आरोप वगळला आणि पोलिसांवर हात उगारल्याचा आरोप तेवढा कायम ठेवला. त्यामुळे त्या खटल्यातून मूळ कायद्यास आव्हान देणे कठीण झाले. परंतु कारण एवढेच नव्हते. मुलगी लहान, घर गरीब, वस्ती सामान्य. पुढे ती अविवाहित असतानाच गर्भवती राहिली. गोऱ्यांची वृत्तपत्रे तिच्या चारित्र्यावर चिखल उडवतील आणि मूळ प्रश्न बाजूस पडेल, असे नेत्यांस वाटले. ऑक्टोबरमध्ये अटक झालेल्या मेरी लुईस स्मिथ या १८ वर्षांच्या मुलीचे प्रकरणही असेच बाजूस ठेवण्यात आले.

डावपेच म्हणून हा निर्णय समजण्यासारखा आहे. परंतु ज्या समाजाने कोणाला प्रतिष्ठित म्हणावे हे ठरविले, त्याच्याच मापाने आपल्या माणसांस मोजण्याची पाळी पीडितांच्या चळवळीवरही येते, हे शल्य आम्हांस नमूद केल्यावाचून राहवत नाही. कॉल्व्हिन यांच्या नावावरील तो गुन्हा न्यायालयाने नोंदीतून पुसून टाकला तो २०२१ साली, म्हणजे तब्बल ६६ वर्षांनी.

तीनशे एक्याऐंशी दिवस

पार्क्स यांना अटक झाली तो गुरुवार होता. निक्सन यांनी जामिनाची व्यवस्था केली. पार्क्स यांचे तरुण वकील फ्रेड ग्रे यांच्याकडून बातमी कळताच रॉबिन्सन रात्रीच आपल्या महाविद्यालयात गेल्या आणि एक सहकारी व दोन विद्यार्थी यांच्या साह्याने पहाटेपर्यंत हजारो पत्रके चक्रमुद्रित केली. महाविद्यालय सरकारी पैशावर चालत असल्याने हे उघड होणे धोक्याचे होते. शुक्रवारी परिषदेच्या स्त्रियांनी ती पत्रके शाळा, दुकाने व घरोघरी पोचविली. सोमवारी, ५ डिसेंबरला, बस जवळजवळ रिकाम्या धावल्या. त्याच दिवशी न्यायालयाने पार्क्स यांना १० डॉलर दंड व ४ डॉलर खर्च ठोठावला. दुपारी मॉन्टगोमेरी सुधार संघटना स्थापन झाली आणि २६ वर्षांचे धर्मोपदेशक किंग तिचे अध्यक्ष निवडले गेले. किंग यांची थोरवी कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. त्यांनी चळवळीस वाणी दिली व अहिंसेचे अधिष्ठान दिले. परंतु त्यांनी चळवळ निर्माण केली नाही. चळवळीने त्यांना पाचारण केले.

बहिष्कार चालविणे म्हणजे सुमारे ४० हजार माणसांची रोजची ने-आण करणे. टॅक्सीवाल्यांनी बसच्याच दहा सेंट भाड्यात उतारू नेण्यास सुरुवात केली, तेव्हा नगरपालिकेने किमान भाड्याच्या नियमावर बोट ठेवले. मग सुमारे ३०० खासगी मोटारी ठरावीक थांब्यांवरून धावू लागल्या. विमा कंपन्यांनी या वाहनांचे विमे रद्द केले, तेव्हा लंडनहून विमा मिळविण्यात आला. जॉर्जिया गिल्मोर या स्वयंपाकीण बाईंनी मैत्रिणींसह खाद्यपदार्थ करून विकले व पैसे संघटनेस दिले. किंग यांच्या बाजूने न्यायालयात साक्ष दिल्यामुळे त्यांची नोकरी गेली, तरी हे काम थांबले नाही. आणि मोटार न मिळणारे हजारो मजूर व मोलकरणी पायी चालत राहिल्या.

३० जानेवारी १९५६ रोजी किंग यांच्या घरावर व १ फेब्रुवारीस निक्सन यांच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आले. फेब्रुवारीतच १९२१ च्या एका बहिष्कारविरोधी कायद्याखाली ८९ जणांवर आरोप ठेवण्यात आले. लोक डगमगले नाहीत.

निर्णय कोणाच्या नावावर?

पार्क्स यांचे अपील राज्याच्या न्यायालयात रखडणार हे ओळखून ग्रे यांनी १ फेब्रुवारीला केंद्रीय न्यायालयात वेगळा दावा दाखल केला. ब्राउडर विरुद्ध गेल या नावाने तो प्रसिद्ध आहे. ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅक्डोनाल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि क्लॉडेट कॉल्व्हिन या त्यातील वादी. ज्या दोघी मुली आधी बाजूस ठेवल्या गेल्या, त्यांच्याच साक्षी आता उपयोगी पडल्या. ५ जूनला तीन न्यायाधीशांनी दोन विरुद्ध एक मताने बसमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला. १३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. लेखी आदेश येईतो लोक चालतच राहिले. २१ डिसेंबर १९५६ रोजी ते पुन्हा बसमध्ये चढले, आणि वाटेल त्या जागेवर बसले.

विजयानंतर काय झाले? पार्क्स यांची दुकानातील नोकरी जानेवारी १९५६ मध्येच गेली होती. १९५७ मध्ये त्यांना नगर सोडून डेट्रॉइटला जावे लागले. त्याच वर्षी निक्सन यांनी कटुतेने संघटनेचे खजिनदारपद सोडले. बर्क्स व रॉबिन्सन यांना १९६० मध्ये महाविद्यालय सोडावे लागले. रॉबिन्सन यांच्या आठवणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या त्या १९८७ साली. तीन दशके त्यांचा वाटा फारसा कोणास ठाऊकच नव्हता.

आपल्यासाठी

या इतिहासाशी आपले नाते परकेपणाचे नाही. एन.ए.ए.सी.पी.च्या संस्थापकांपैकी एक असलेले डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निवेदनाच्या प्रती मागविल्या होत्या. डु बॉइस यांनी त्याच वर्षी ३१ जुलैला आस्थेने उत्तर दिले. सार्वजनिक सोय सर्वांची, हा मॉन्टगोमेरीचा प्रश्न महाडकरांस नवा नव्हता. तेथेही २० मार्च १९२७ च्या पाण्यामागे १९२३ चा बोले ठराव होता, खेडोपाडी झालेला प्रचार होता, आणि नंतर १७ मार्च १९३७ च्या उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत दहा वर्षांची चिकाटी होती.

आणि तेथेही बहुतेक पावले निनावीच राहिली. १९८९ मध्ये ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ सिद्ध करून आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या आठवणी जतन केल्या. रॉबिन्सन यांचे पुस्तक व हा ग्रंथ अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने यावेत, हा योगायोग बोलका आहे.

थकलेल्या स्त्रीची कथा ऐकणारा पुढच्या चमत्काराची वाट पाहत बसतो. बारा वर्षांचा इतिहास वाचणारा आपल्या शाखेची नोंदवही उघडतो, सभेस कोण आले नाही याची चौकशी करतो, एखाद्या प्रौढास अक्षरे शिकवितो. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी चळवळीत वावरलेली आजी, आत्या वा शेजारीण आज हयात असेल, त्यांनी तिच्यापाशी बसून तिचे बोलणे लिहून घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे. तिला विचारणारे कोणी नसेल तर तिच्याबरोबर तो इतिहासही जाईल.