आजोबांची ठासणीची बंदूक

आमच्या कोकणातल्या घरात, माजघराच्या खुंटीवर एक बंदूक असायची. ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर छरे, मग गजाने ठासायचं. माकडं आणि डुकरं पिटाळायला आजोबांनी शेतीसंरक्षणाचा परवाना काढला होता. निवडणूक आली की ते ती पोलीस ठाण्यात जमा करायचे, निकालानंतर परत आणायचे.

गेल्या वर्षी आजोबा गेले. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘शंभर वर्षं जुनी आहे, अँटिक झाली. आता परवाना कशाला?’ सगळ्यांनी अंगठे दिले. मलाही ते पटलं होतं. मग मी कायदा वाचायला बसलो.

अमेरिकेत हे वाक्य बऱ्यापैकी खरं ठरलं असतं. तिथल्या 1968 च्या केंद्रीय कायद्यात 1898 किंवा त्याआधी बनलेली बंदूक ‘अँटिक’ धरतात. काल कारखान्यात बनलेली ठासणीची नक्कलही बहुतेक वेळा त्यातच बसते. काही राज्यांचे नियम मात्र वेगळे आहेत.

आपल्याकडे गोष्ट दुसरीच आहे, आणि ती 1857 पासून सुरू होते. उठावानंतर इंग्रजांनी लोकांची हत्यारं काढून घेतली. 1878 मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना लागू लागला, युरोपियनांना मात्र सूट. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध ठराव व्हायचे. सरकारचा आपल्यावर विश्वास नाही, हे लोकांना बोचत होतं.

सूट मिळालेले थोडे हिंदी लोकही होते. कर्नाटकातल्या कोडगूमधले कोडव आणि तिथले जम्मा जमीनधारक यांना इंग्रजांच्या काळापासून परवान्यातून सवलत आहे. ती आजही चालू आहे. 2019 मध्ये केंद्र सरकारने ती 2029 पर्यंत वाढवली. कैलपोळ्दच्या सणाला तिथे बंदुकीची पूजा होते.

स्वातंत्र्यानंतर 1959 चा शस्त्र कायदा आला. गोरा-काळा भेद गेला, परवाना राहिला. त्यातलं कलम 45 मी तीनदा वाचलं. जुन्या पद्धतीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं हत्यार कायद्याबाहेर आहे. पण एका अटीवर. दुरुस्ती करूनसुद्धा ते झाडता येता कामा नये.

म्हणजे हे कलम बंदुकीचं वय विचारत नाही. ती उडते का, एवढंच विचारतं. तोड्याची असो, चकमकीची असो, की हौसेने बनवलेली नवी नक्कल. बार निघत असेल तर ती बंदूकच. भिंतीवरच्या शोभेच्या नकलेला परवाना लागत नाही, पण तिची खरी बंदूक करायला लागतो. विनापरवाना बंदूक बाळगली तर 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं कैद आहे. परवाना असला तरी एका माणसाला दोनच बंदुका, वारशाने आलेली धरून.

आजोबांची बंदूक उडते. मागच्या शिमग्यानंतरच त्यांनी बार काढला होता.

काका म्हणाला, ‘नळी बुजवून टाकू, घोडा काढू. खुंटीवर राहील तरी.’ आजी भाजी निवडत होती. म्हणाली, ‘तो दर पावसाळ्यात तिला तेल लावायचा. मोडून टांगलीस तर मला रोज बघावं लागेल.’

परवानाधारक गेला की हत्यार विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, असं कलम 21 सांगतं. मी आणि काका ती गोणपाटात गुंडाळून ठाण्यात घेऊन गेलो. पावती घेतली. काकाने स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज केलाय. डुकरं अजून येतातच.

खुंटीवर सध्या आजोबांची छत्री आहे. तेलाची बाटली आजीने खालीच, कोनाड्यात ठेवलीय.